पान १४२ वर माझ्या शेटजींची हवा गेली

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं फक्त वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गेली दोन वर्षं एक कादंबरी लिहितोय. तिच्यात एक गृहस्थ आहे. गावात नवा आलेला, अफाट पैसा, बरीच वर्षं बंद असलेला मोठा वाडा विकत घेतलेला, कपडे कडक, बोलणं बेताचं. कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही. पहिली १४० पानं लोक त्याच्याबद्दल काय काय बोलतात यात मजेत जातात. मग पान १४२ वर मी त्याचा भूतकाळ उघडतो. दारिद्र्य, एक गुन्हा, नाव बदलणं, सगळं बारा पानांत. हस्तलिखित तिघांना वाचायला दिलं. तिघांनीही आपापल्या शब्दांत एकच सांगितलं: तिथपर्यंत झकास, पुढे शेटजींची हवा गेली.

तर प्रश्न असा. श्रीमंत, गूढ पात्राचा लपवलेला भूतकाळ वाचकाला सांगायचा कधी? की सांगायचाच नाही? तुमच्या वाचनातली उदाहरणं द्या. गोष्टी फुटणार आहेत, ज्यांना चालत नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

तिरकस

पहिला! शेटजींचा भूतकाळ मला खासगीत कळवा. हवा किती गेली ते मोजून सांगतो.

रातकिडा

या धाग्यावर 'द ग्रेट गॅट्सबी' येणार हे उघड आहे, तेव्हा मीच आणतो. फिट्झजेराल्डची १९२५ची कादंबरी. गॅट्सबी स्वतः येण्याआधी त्याच्याबद्दलच्या वावड्या येतात. त्याच्याच हिरवळीवर, त्याचीच दारू पीत पाहुणे कुजबुजतात की यानं म्हणे एका माणसाला मारलंय. कुणी म्हणतं, युद्धात जर्मनांचा हेर होता. कुणी त्याला थेट कैसर विल्हेल्मच्या घराण्यातला करून टाकतं. आणि गोष्ट सांगणारा निक त्याच्याशी गप्पा मारत बसलेला असतो, तरी आपला यजमान तो हाच, हे त्याला कळत नाही!

भूतकाळ उघडतो सहाव्या प्रकरणात. एकूण प्रकरणं नऊ, म्हणजे तुमच्या पान १४२च्या आसपासच म्हणा. नॉर्थ डाकोटातल्या कफल्लक शेतकऱ्याचा सतरा वर्षांचा पोरगा, जेम्स गॅट्झ. लेक सुपीरियरमध्ये डॅन कोडी नावाच्या, खाणींवर गबर झालेल्या माणसाचं जहाज नांगरलेलं त्याला दिसतं. पोरगा होडी वल्हवत जातो, वारा सुटला तर तुमचं जहाज फुटेल असं बजावतो, आणि नाव विचारल्यावर जे सांगतो ते 'जे गॅट्सबी'.

इथे हवा जात नाही. उलट तो मोठा होतो. का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पानगळ

रातकिडा, मी प्रयत्न करते. कारण खरं त्याच्या थापांपेक्षा सरस आहे.

थापा आठव. गाडीतून शहरात जाताना तो निकला स्वतःची जन्मकथा ऐकवतो. आपण मिडल वेस्टमधल्या श्रीमंतांचे चिरंजीव, घरचे सगळे वारले. मिडल वेस्टमध्ये नेमकं कुठे? सॅन फ्रान्सिस्को! नकाशा काढून बघा म्हणजे हसू येईल. मग म्हणे युरोपच्या राजधान्यांमधून राजासारखा हिंडलो, माणकं जमवली. निकला हसू आवरणं कठीण जातं. आणि नेमका तेव्हाच तो खिशातून मॉन्टेनेग्रोनं दिलेलं पदक काढतो, त्यावर नाव कोरलेलं. वर ऑक्सफर्डचा फोटो, हातात क्रिकेटची बॅट.

आता खरं बघ. पोराकडे एक स्वस्त पुस्तक होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यानं दिनक्रम लिहून ठेवलेला: सकाळी सहाला उठणे, व्यायाम, वीजशास्त्राचा अभ्यास, वक्तृत्वाचा सराव. खाली निश्चय, त्यात आईवडिलांशी नीट वागणे हाही एक. माणकं जमवणाऱ्या राजपुत्रापेक्षा मला हा पोरगा हजारपट आवडतो. खरं थापेपेक्षा छोटं असेल तर हवा जाणारच. अर्धविराम, तुमच्या बारा पानांत या दिनक्रमासारखी एक तरी वस्तू आहे का?

तिरकस

पण ऑक्सफर्ड तर निव्वळ थाप ना? असा माणूस ऑक्सफर्डला कुठला जायला!

पानगळ

गेला होता! १९१९मध्ये, पाचेक महिने. युद्धविरामानंतर काही अधिकाऱ्यांना तशी संधी मिळाली होती. गॅट्सबीच्या प्रेयसीचा पोलो खेळणारा नवरा टॉम हॉटेलच्या खोलीत, सगळ्यांदेखत त्याला उलटतपासणीला घेतो तेव्हा तो हे शांतपणे सांगून टाकतो. त्या क्षणी निकचा त्याच्यावरचा विश्वास परत येतो, आणि माझाही आला. टॉम तुझ्यासारखाच खात्रीनं बोलत होता, तिरकस.

तिरकस

टॉमशी तुलना! मी पोलो खेळत नाही हो. शब्द मागे घेतो.

खतावणी

तुम्ही सगळे भावनेत अडकलात. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्यामुळे मी अशा पात्रात आधी एकच गोष्ट शोधतो. पैसा आला कुठून?

गॅट्सबीचे हिशेब जुळत नाहीत, आणि लेखकानं ते मुद्दाम जुळू दिलेले नाहीत. आधी सांगतो की पैसा वारशानं आला. पुढे एकदा बोलता बोलता निसटतं, हे घर घ्यायला पुरेसा पैसा मिळवायला मला तीन वर्षं लागली. निक तिथल्या तिथे पकडतो: अहो, वारसा मिळाला होता ना? मग सारवासारव, की मिळाला होता, पण युद्धाच्या गडबडीत बराचसा बुडाला. मग निक विचारतो, धंदा कसला? साहेब फटकन म्हणतात, ते माझं मी बघेन. आपण काय बोलून गेलो हे लक्षात आल्यावर घाईनं दुरुस्ती: आधी औषधांचा होता, मग तेलाचा, सध्या दोन्ही नाही. चार वाक्यांत आख्खा माणूस उघडा पडतो, आणि भूतकाळाचं एक पानही उघडलेलं नसतं.

खरा वारसा होता, बरं का. कोडीनं २५,००० डॉलर ठेवले होते, पण ते पोराच्या हाती लागलेच नाहीत. औषधांचा धंदा म्हणजे काय, तर दारूबंदीच्या काळातली गोष्ट आहे. अमेरिकेत ती १९२०च्या जानेवारीत लागू झाली आणि १९३३मध्ये उठली, कादंबरी घडते १९२२च्या उन्हाळ्यात. औषधांच्या दुकानांच्या आडून दारू विकायची. आणि तो मेल्यानंतर घरी शिकागोहून एक फोन येतो. पलीकडच्या माणसाला वाटतं, उचलणारा गॅट्सबीच. तो घाईघाईनं सांगतो, पोरगं रोखे वटवताना पकडलं गेलं. निक म्हणतो, गॅट्सबी वारले. फोन कट. माझ्या लेखी त्या कादंबरीतला सगळ्यात खणखणीत गौप्यस्फोट तो हाच.

ओसरी

खतावणीकाका, प्रतिसाद वाचनखुणेत टाकला!

जुनी_वही

सगळे एकाच कादंबरीला धरून बसलात, म्हणून जरा मागे नेते. 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'. अलेक्झांडर ड्यूमाची, १८४४ पासून वर्तमानपत्रात क्रमशः आलेली. अर्धविराम, तुमच्या प्रश्नाचं हे दुसरं टोक. इथे वाचकापासून काहीच लपवलेलं नाही. एदमों दांतेस हा एकोणीस वर्षांचा खलाशी. साखरपुड्याच्या मेजवानीतून त्याला पकडून नेतात. शातो दिफच्या अंधारकोठडीत चौदा वर्षं, मग सुटका आणि खजिना. हे सगळं आपण आधीच पाहिलेलं असतं. त्यानंतर तो काउंट होऊन पॅरिसला येतो आणि तिथले उमराव तर्क लढवत बसतात. आपण मात्र गालात हसत असतो.

म्हणजे गूढ पॅरिसला आहे, आपल्याला नाही. मग पुढची शेकडो पानं आपण कशासाठी वाचतो? कोण ओळखणार, कधी ओळखणार, यासाठी. आणि ओळखते कोण, तर मर्सेदेस, जिच्याशी त्याचा साखरपुडा होता ती, तिचं दुसऱ्याशी लग्न झाल्यावर. आवाजावरून! पैसा, पदवी, कपडे, चेहऱ्याचा फिकुटलेला रंग, सगळं बदललं, आवाज तेवढा राहून गेला.

आणखी एक लाडकी जागा. व्हिल्फोर हा सरकारी वकील, यानंच दांतेसला आत टाकलेलं. त्याला काउंटचा संशय येतो. तो वेष पालटून चौकशीला निघतो, काउंटला ओळखणाऱ्या दोघांकडे. एक पाद्री बुसोनी, दुसरा लॉर्ड विल्मोर. दोघंही स्वतः काउंटच! एक त्याची स्तुती करतो, दुसरा शिव्या घालतो. आपल्याबद्दलच्या अफवा आपणच पुरवायच्या, तीही दोन्ही बाजूंनी.

तिरकस

हे तर आपल्याकडच्या काही आयडींचंही चालतं. एक आयडी धागा काढतो, दुसरा त्याला झोडपतो, तिसरा मध्यस्थी करतो. (हलकं घ्या.)

शंखनाद

तिरकसशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत.

जुनी_वही, मुद्दा पटला, पण काउंटला मी गूढ पात्र मानणार नाही. ज्याचं सगळं वाचकाला ठाऊक तो कसला गूढ? तो सूडनायक. पॅरिस त्याला डोक्यावर का घेतं, तर दांग्लारच्या पेढीवर अमर्याद पत असल्याचं पत्र घेऊन तो येतो. दांग्लार 'अमर्याद' शब्दावर अडखळतो, तेव्हा काउंट म्हणतो, बरं, पहिल्या वर्षापुरते साठ लाख धरू. त्यानंतर कुणाच्या तोंडून शब्द नाही. समोरचे आंधळे आहेत, त्यात काउंटचं काय कौतुक?

जुनी_वही

हीच तर गंमत, शंखनाद. गूढ माणूस तसा असतो कारण समोरच्यांना विचारायचं नसतं. साठ लाख मिळत असतील तर कोण म्हणेल, महाराज, आपण मूळचे कुठले?

मृगजळ

मी तिसऱ्या बाजूला. सांगूच नये.

हीथक्लिफ. एमिली ब्राँटीची 'वदरिंग हाइट्स', १८४७. लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं बेवारस पोर. मोठा होतो, अपमान गिळतो, एका रात्री निघून जातो. तीन वर्षांनी परततो तो सभ्य गृहस्थ होऊन, पैसेवाला. मधल्या तीन वर्षांत काय केलं? लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. गोष्ट सांगणारी नेली तर सुरुवातीलाच कबूल करते की मला याचं सगळं ठाऊक आहे, फक्त जन्म कुठला, आईबाप कोण आणि पहिला पैसा आला कुठून, एवढं सोडून. वा! म्हणजे आपण इतका वेळ ज्यावर भांडतोय नेमकं तेच सोडून.

इतक्या वर्षांत कुणी म्हटलंय का, हीथक्लिफची हवा गेली?

शंखनाद

मी म्हणतो. तीन वर्षं गाळणं ही लेखिकेची पळवाट आहे. अडाणी माणूस तीन वर्षांत गबर आणि सुसंस्कृत कसा होतो हे लिहायला अवघड, म्हणून धुकं सोडलं. धुकं दाट असलं की त्याला आपण खोली म्हणतो.

खतावणी

शंखनाद यांना +१. लेखापरीक्षणात याला शेरा मारून पुढे जातात, दाद देत नाहीत.

मृगजळ

काका, तुम्हाला दरोड्याची पावती हवीये. समजा लेखिकेनं लिहिलं असतं की तो जुगारात जिंकला, किंवा सैन्यात गेला (नेली तसा तर्क करतेही). एक कप्पा भरला असता, पण माणूस कमी झाला असता. तो परत येतो तेव्हा त्याचं जिच्यावर प्रेम ती कॅथरीनसुद्धा पैशाबद्दल खोदून विचारत नाही. तिला तो परत आलाय एवढंच पुरतं. तिनं नाही विचारलं तर मी कशाला विचारू?

शंखनाद

कारण तू कॅथरीन नाहीस.

तिरकस

हे वाक्य संदर्भ सोडून कुठे छापू नका.

ओसरी

भांडणं थांबवा, मी माझा माणूस आणलाय. मसिय मादलेन. 'ले मिझेराब्ल', ह्यूगो, १८६२.

१८१५च्या डिसेंबरात एक अनोळखी माणूस संध्याकाळी माँत्रइय-सुर-मेर या गावात पायी शिरतो. त्याच वेळी नगरभवनाला आग लागलेली. तो आत उडी घेतो आणि दोन मुलांना बाहेर काढतो. मुलं निघतात पोलिसांच्या कप्तानाची. मग त्याच्याकडे परवाना कोण मागणार? एकोणीस वर्षं शिक्षा भोगलेला कैदी, त्याचा पिवळा परवाना पाहिला असता तर कुणी उभंही केलं नसतं. ह्यूगोनं एका आगीत पात्राला नवा जन्म दिला. तिथून पुढे काळ्या मण्यांचा कारखाना, दवाखाना, शाळा, आणि शेवटी महापौरपद.

पण मला आवडतं ते वेगळंच. मुखवटा आतून कसा पाझरतो बघा. वर्तमानपत्रात, सुटलेल्या कैद्याला आसरा देणाऱ्या त्या वृद्ध बिशपच्या मृत्यूची बातमी येते आणि मादलेन काळे कपडे घालतात. गावात चर्चा, नक्कीच बिशपच्या घराण्यातले असणार! त्यांची प्रतिष्ठा आणखी वाढते. एक म्हातारी थेट विचारते तेव्हा ते म्हणतात, नाही, तरुणपणी त्या घरात नोकर होतो. आणखी एक. धुराडी साफ करणारं सावोयचं भटकं पोर गावात आलं की ते त्याला बोलावतात, नाव विचारतात, पैसे देतात. गावाला वाटतं, काय हा दयाळू माणूस! वाचकाला आठवतं की त्या कैद्यानं, झां वाल्झांनं, असल्याच एका पोराचं नाणं लुबाडलं होतं. ह्यूगो हा माणूस कोण ते लगेच सांगत नाही, पण ज्याला वाचता येतं त्याला कळून चुकतं. बाहेरची प्रतिमा आणि भूतकाळ इथे एकाच कृतीत आहेत. लोक वरची बाजू बघतात, आपण खालची.

पानगळ

ओसरी, काय सुरेख लिहिलंस गं. आणि त्या गाडीचंही सांग ना.

ओसरी

सांगते! फोशलवाँ हा म्हातारा चिखलात रुतलेल्या गाडीखाली अडकतो. गाडी उचलायला प्रचंड ताकद हवी. तिथे उभा पोलीस अधिकारी जावेर सगळ्यांसमोर म्हणतो की हे करू शकणारा एकच माणूस मी पाहिलाय, तूलाँच्या तुरुंगातला कैदी. मादलेन ते ऐकतात, त्याच्याकडे एकदा बघतात आणि तरीही गाडीखाली शिरतात. भूतकाळ असा उघडावा. पात्रानं स्वतः, खांद्यावर घेऊन.

नवखा_वाचक

धागा मस्त चाललाय. बावळट प्रश्न विचारू का? गूढ श्रीमंत नेहमी पुरुषच का? बायकांना भूतकाळ नसतो का?

पानगळ

बावळट कसला, इतका वेळ कुणी विचारला नाही हेच नवल. बायकांना नुसता भूतकाळ नसतो, कादंबऱ्यांत तर त्यांना दुसरं काही नसतंच!

लेडी डेडलॉक. डिकन्सची 'ब्लीक हाउस', १८५२-५३. सौंदर्य, उच्चकुळातला नवरा, समाजात सगळ्यांच्या वर, आणि कायम कंटाळलेली. तिचा मुखवटा म्हणजे तो कंटाळाच. एके दिवशी वकील टल्किंगहॉर्न कोर्टाची कागदपत्रं वाचून दाखवत असतो. तिची नजर एका कागदावर पडते आणि ती विचारते, याची नक्कल कुणी केली? एवढंच. पण आयुष्यात कशातच रस न घेणारी बाई एका कारकुनाच्या अक्षरात रस घेते! टल्किंगहॉर्न त्या एका प्रश्नावरून तिचा आख्खा भूतकाळ उकरून काढतो. अक्षर तिच्या जुन्या प्रियकराचं असतं.

माझी तक्रार अशी की पुरुषाच्या पोतडीतून पैसा, तुरुंग, गुन्हा निघतो आणि बाईच्या पोतडीतून पुरुष नाहीतर मूल. तिथे लेखक आळशी होतात.

जुनी_वही

अर्धी सहमत. 'लेडी ऑडलीज सीक्रेट' (१८६२) मध्ये दारिद्र्याची भीती हेच मूळ आहे. नवरा टाकून गेल्यावर ती नाव बदलते, गव्हर्नेस होते आणि श्रीमंत सर मायकेलशी लग्न करते. सरळ सरळ गॅट्सबीचाच मार्ग, साठेक वर्षं आधी. फक्त तिला समाज जास्त कडक शिक्षा करतो.

तिरकस

अवांतर: मराठीत मुखवटा म्हटलं की मला एकच इसम दिसतो. लखोबा लोखंडे. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच', १९६२, प्रभाकर पणशीकर, फिरता रंगमंच. साक्षीदारामागून साक्षीदार येऊन ओळखतात आणि हा शांतपणे म्हणतो, तो मी नव्हेच! बाकी सगळे भूतकाळ लपवतात, हा भर कोर्टात नाकारतो. लपवणाऱ्याला घाम फुटतो, नाकारणाऱ्याला टाळ्या मिळतात.

शंखनाद

अवांतर कसलं, मुद्द्याला धरून आहे. मात्र लखोबाबद्दल आपल्याला माया वाटत नाही. गॅट्सबीबद्दल वाटते, मादलेनबद्दल वाटते. फरक हा की त्यांना ते नवं आयुष्य खरंच हवं असतं. लखोबाला फक्त पुढचं सावज हवं असतं.

जाता जाता, एका उलट्या उदाहरणाची नोंद. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१). तिथे गूढ माणूस नसतो, गूढ पैसा असतो. पिप सभ्य गृहस्थ होतो, आपली आश्रयदाती ओळखीतली श्रीमंत बाई मिस हॅविशम असं धरून चालतो, आणि एका वादळी रात्री जिना चढून येतो तो मॅग्विच, लहानपणी दलदलीत भेटलेला कैदी. ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळून मिळवलेला त्याचा पैसा. पिपला किळस येते. आपल्या देखण्या प्रतिमेला दुसऱ्याचा भूतकाळ चिकटलेला आहे हे आपल्यालाच ठाऊक नसणं, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

अर्धविराम

बाप रे, दोन दिवस आलो नाही तर इथे ग्रंथालय उघडलंय. सगळ्यांचे आभार.

पानगळ, तुमच्या प्रश्नावर रात्रभर विचार केला. नाही, माझ्या बारा पानांत एकही वस्तू नाही. नुसती माहिती आहे. मृगजळ, सगळं उडवून टाकायचा मोह झाला होता, पण भीती वाटते. काहीच सांगितलं नाही तर वाचक म्हणेल, लेखकालाच ठाऊक नाही.

रातकिडा

अर्धविराम, तुमच्या या भीतीवर एक खरी घडलेली गोष्ट.

१९२४च्या नोव्हेंबरात संपादक मॅक्सवेल पर्किन्सनं गॅट्सबीचं हस्तलिखित वाचून फिट्झजेराल्डला पत्र लिहिलं. भरपूर कौतुक, पण तक्रार अशी की बाकीची पात्रं डोळ्यांसमोर येतात, गॅट्सबी मात्र धूसर राहतो, आणि त्याची संपत्ती आली कुठून याच्या काही खुणा तरी हव्यात. फिट्झजेराल्डनं उत्तरात कबूलच केलं की गॅट्सबी दिसतो कसा, करतो काय, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं आणि ते तुम्हाला जाणवलं!

मग त्यानं काय केलं? भूतकाळ काढून टाकला नाही. शेवटाकडे एकगठ्ठा होता तो फोडला आणि पुढे आणून जागोजागी पेरला. डॅन कोडीची हकिगत सहाव्या प्रकरणात आली ती या दुरुस्तीत, मुद्रितं हातात असताना. आधीचा खर्डा २०००मध्ये 'ट्रिमाल्किओ' या नावानं छापलाय, ताडून बघता येतो. तुमची बारा पानं म्हणजे तोच गठ्ठा आहे. स्वतःला पक्कं ठाऊक करून घ्या, मग फोडा.

खतावणी

म्हणजे मूळ लेखकाकडेही हिशेब नव्हता. मला संशय होताच.

बाकी पानगळ यांच्या त्या लाडक्या दिनक्रमावर एक शेरा. त्यावर तारीख आहे १२ सप्टेंबर १९०६. ज्या 'हॉपअलाँग कॅसिडी' पुस्तकाच्या मागे तो लिहिलाय ते छापलं गेलं १९१० साली. पोरगा चार वर्षं आधीच त्यावर लिहून मोकळा!

पानगळ

काका, तुम्ही माझं मन मोडलंत.

नाही, थांबा. ज्यानं स्वतःचा जन्मच नव्यानं लिहिला त्याच्या पुस्तकाची तारीख तरी खरी कशाला हवी?

तिरकस

काका वि. पानगळ. पानगळ एका डावानं विजयी.

जुनी_वही

रातकिडानं ट्रिमाल्किओचं नाव काढलं म्हणून लिहिते, तो कोण हे बहुतेकांना ठाऊक नसेल. पहिल्या शतकातल्या रोममधला पेट्रोनियसचा 'सॅटिरिकॉन', त्यातला हा धनाढ्य यजमान. मूळचा गुलाम. आणि तो काही म्हणजे काही लपवत नाही! घरात शिरतानाच भिंतीवर चित्रं: गुलामांचा बाजार, आणि त्यात स्वतः तो. मेजवानीत तो पाहुण्यांना सांगतो, मालकाची मर्जी कशी सांभाळली, वारसा कसा मिळाला, दारूनं भरलेली पाच जहाजं एका दिवसात कशी बुडाली आणि परत कसा उभा राहिलो. पाहुणे त्याच्या माघारी नाकं मुरडतात, पण गूढ काही उरत नाही.

शेवटी दारूच्या नशेत तो स्वतःच्या अंत्ययात्रेची तालीम करतो. म्हणतो, मी मेलोय असं समजा आणि काहीतरी छान वाजवा. शिंगवाले इतक्या जोरात वाजवतात की आग लागली समजून पहारेकरी दार फोडून पाण्याच्या बादल्या आणि कुऱ्हाडी घेऊन आत घुसतात.

आता गॅट्सबीचा अंत्यविधी आठवा. शेकड्यांनी येणारे पाहुणे गायब. एक जण फोन करतो तो विसरलेले टेनिसचे बूट मागायला. येतात ते निक, नोकरचाकर, पोस्टमन, ग्रंथालयातला चष्मेवाला आणि मिनेसोटाहून आलेले वडील, ज्यांना पोरानं आपल्या थापांत मारून टाकलं होतं. वडिलांच्या खिशात त्या वाड्याचा फोटो, हाताळून हाताळून कडा फाटलेला. ते तो निकला पुन्हा पुन्हा दाखवतात, ते दोघं त्याच वाड्यात उभे असताना.

मृगजळ

वडिलांचा फोटो मी विसरलो होतो. या एका फोटोपुरता 'सांगूच नये' हा हट्ट मागे घेतो. हीथक्लिफपुरता नाही.

नवखा_वाचक

अर्धविराम, मग ठरलं का काही? पान १४२ राहिलं की गेलं?

अर्धविराम

आठवडाभर बसलो. बारा पानं काढली. ती फेकली नाहीत, वेगळ्या वहीत चिकटवली, स्वतःसाठी. त्यांतल्या चार गोष्टी पुढेमागे पेरल्या. एक तर पार पान ११ वर गेली: शेटजी कुणाकडेही गेले तरी बसताना पाठ भिंतीला लावूनच बसतात. आधी ते मी रुबाब म्हणून लिहिलं होतं. आता मला ठाऊक आहे, ही सवय त्यांना कुठे लागली. वाचकाला पान १९० पर्यंत कळणार नाही, आणि तेव्हाही मी सांगणार नाही. त्याच सवयीचा दुसरा एक माणूस गावात येईल, तोही भिंतीलाच पाठ लावून बसेल, आणि दोघं एकमेकांकडे बघतील.

तिघांपैकी एकाला परत वाचायला दिलंय.

ओसरी

अंगावर काटा. पुढील लेखनास शुभेच्छा!

खतावणी

उत्तम. पण मुख्य नोंद राहिली. शेटजींचा पैसा आला कुठून?

अर्धविराम

ते माझं मी बघेन.

अर्धविराम

म्हणजे, आधी औषधांचा धंदा होता. मग तेलाचा.